चिंचखेडीत सगळं हाये

नत्थूजी उमाटे यांना 'नाई' म्हणता येत नसे. शेजारीण मीठ मागायला आली आणि डब्यात मिठाचा खडा नसला, तरी नत्थूजी ओसरीवरूनच "हाये, हाये, बसा" म्हणत. मग त्यांची बायको विमलाबाई मागच्या दाराने निघून तिसऱ्याच घरी मीठ मागायला जात.

विमलाबाईंचं लग्नही या 'हाये'मधूनच जुळलं होतं. रोहण्याहून त्यांचे वडील मुलगा पाहायला आले, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट खोदून विचारली, की विहीर घरची आहे का. नत्थूजींनी मान डोलावून सांगितलं, हाये. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नवी नवरी डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन घरभर विहीर शोधत फिरली. अंगणात नाही, घरामागच्या सांदवाडीत नाही, ढोरांच्या कोठ्यामागे नाही. शेवटी कळलं की विहीर वावरात आहे, पाऊण मैलावर, आणि तिला पाणी लागायचं अजून बाकी आहे. नत्थूजींचं म्हणणं असं, की वावर घरचं आहे, तर विहीरही घरचीच झाली. विमलाबाईंनी त्या दिवशी गुंड खाली ठेवला आणि नवऱ्याच्या प्रत्येक 'हाये'ला आपण जातीनं जाऊन पाहायचं, असं मनाशी ठरवलं.

चिंचखेडी हे वर्धा जिल्ह्यातल्या आंजी मोठीपासून दोन कोसांवरचं गाव. घरं नव्वदएक. पिकं कापूस, तूर आणि ज्वारी. चौथीपर्यंतची शाळा, मारुतीचं देऊळ, आणि मालकाच्या मनात आलं तर चालणारी पिठाची गिरणी, एवढाच गावचा थाट. बाकी सगळं आंजीला. एसटी आंजीला, पोस्ट आंजीला, डॉक्टर आंजीला. मध्ये एक नाला होता, आणि पावसाळ्यात तो मनात येईल तेव्हा गाव कुलूप लावल्यासारखं बंद करून टाकी. पण बाहेरच्या माणसाने गावाचं नाव काढलं, की नत्थूजींच्या छातीत काहीतरी फुगून येई.

त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. कापसाचा वेचा सुरू होता, सगळं गाव वावरात. सरपंच महादेवराव आर्वीला सोयरिकीला गेले होते. पायात काटा मोडल्यामुळे नत्थूजी तेवढे घरी होते, ओसरीवर बाजेवर पाय लांब करून बसले होते. अशा वेळी सायकल हातात धरून एक घामाघूम माणूस दारात आला. कुठल्या तरी खात्याकडून गावोगावच्या सोयींची पाहणी करत तो हिंडत होता. त्याच्याजवळ लांबलचक छापील फॉर्म होता आणि त्यावर गावात काय काय आहे ते भरायचं होतं.

नत्थूजींनी त्याला पाणी दिलं, गुळाचा चहा करायला सांगितला आणि फॉर्म पुढे घ्यायला लावला.

पहिला प्रश्न पोस्टाचा आला. आता पोस्टमन आंजीहून आठवड्यातून दोनदा येई आणि नत्थूजींच्याच ओसरीवर बसून पत्रं वाटी, कधीकधी दुपारी झोपही काढी. नत्थूजींना वाटलं, हा माणूस दोन कोस सायकल रेटत आला आहे, त्याचा कागद कोरा परत पाठवायचा म्हणजे पाहुण्याला उपाशी लावून देण्यासारखं आहे. ते म्हणाले, "हाये. इथंच हाये, तुमी बसले तिथं."

त्या माणसाने लिहून घेतलं. मग सहज बोलून गेला, की पलीकडच्या गावात तर दवाखानाही आहे म्हणे. एवढं ऐकल्यावर नत्थूजींना थांबवणं शक्य नव्हतं. दवाखाना? हाये, लेडी डॉक्टर हाये. ही लेडी डॉक्टर म्हणजे सीताबाई, गावातली बाळंतपणं करणारी, मुरगळलेले पाय चोळणारी आणि ऐकणाऱ्याला घेरी येईल एवढं बोलणारी म्हातारी. ढोरांचा दवाखाना? हाये. बैल अडला की कवडू त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत असे आणि कधीकधी बैल उठतही असे. वाचनालय? भजनी मंडळाच्या ट्रंकेत अकरा पोथ्या होत्या. नळ? नत्थूजींनी वर्ध्याच्या बाजारातून पितळेची एक तोटी आणून अंगणातल्या पिंपाला बसवली होती. पिंप विमलाबाई भरत, तोटी नत्थूजी सोडत. टेलिफोन म्हटल्यावर मात्र ते जरा अडखळले. मग त्यांना मारुतीच्या देवळावरचा भोंगा आठवला.

"हाये," ते म्हणाले. "एकजण बोलते, साऱ्या गावाले ऐकू जाते."

"आणि बस थांबते का गावात?"

दोन वर्षांपूर्वी एका वऱ्हाडाची बस रस्ता चुकून चिंचखेडीत शिरली होती आणि तिचा एक्सल तुटला होता. "थांबली हाये," नत्थूजी म्हणाले. "तीन दिवस थांबली होती."

दाराआड चहाची बशी घेऊन उभ्या असलेल्या विमलाबाईंनी हे सगळं ऐकलं. पाहुणा गेल्यावर त्यांनी नवऱ्याला एवढंच विचारलं, की इतकी मोठी चिंचखेडी आपल्याला लग्नाला पंधरा वर्षं होऊनही कुठं दिसली काऊन नाई. नत्थूजींनी पायातल्या काट्याकडे बघत विषय बदलला.

दोन वर्षं काहीच झालं नाही. मग पंचाहत्तरच्या जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, आंजीकडून येणाऱ्या एका बैलबंडीतून लोखंडी पेटी, वळकटी आणि पिंजऱ्यातला पोपट घेऊन एक गृहस्थ उतरले. हे सदाशिवराव, ढोरांच्या दवाखान्याचे कंपाउंडर. त्यांची बदली चिंचखेडीच्या दवाखान्यात झाली होती. खिशात तसा कागद होता, त्यावर शिक्का होता. त्यांनी गावात शिरल्या शिरल्या जो पहिला माणूस दिसला त्याला विचारलं, की दवाखाना कुठं आहे. तो पहिला माणूस म्हणजे नत्थूजी.

माणसाला आयुष्यात सुधारायची संधी मिळते ती अशीच भर रस्त्यात. नत्थूजींनी पेटीकडे पाहिलं, पोपटाकडे पाहिलं, थकलेल्या सदाशिवरावांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हाये ना. चाला."

त्यांनी कंपाउंडरसाहेबांना गावातल्या प्रत्येक गल्लीतून दोनदा फिरवलं, कारण कुठं न्यायचं ते त्यांनाच सुचत नव्हतं. शेवटी आपल्याच कोठ्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, की हाच. आत तीन बैल, एक म्हैस आणि कुटाराचा ढीग होता. सदाशिवरावांनी आत डोकावून एकेक जनावर मोजलं. मग म्हणाले, "पेशंट भरती हायेत वाटते."

सदाशिवराव मूळचे जामचे. तिथं हायवेच्या चौकात चारी दिशांनी ट्रका आणि बसा जात, हॉटेलं रात्रंदिवस उघडी, हे ते पहिल्या आठवड्यात गावातल्या प्रत्येकाला सांगून चुकले. पण माणूस कामाचा निघाला. कोठ्याच्या अर्ध्या भागात तुराट्यांचा कूड घालून, शेणामातीने लिंपून त्यांनी खोली केली. पत्र्याच्या तुकड्यावर स्वतःच्या हाताने 'ढोरांचा दवाखाना, चिंचखेडी' असं रंगवलं. बाटल्या मांडल्या. आधी कवडू रुसला, कारण त्याचा धंदा गेला. मग सदाशिवरावांनी त्याला बैल धरायच्या कामावर घेतलं. कवडू कानात पुटपुटे, सदाशिवराव मागून सुई टोचत, आणि बैल बरा झाला की श्रेय कुणाचं यावर दोघं संध्याकाळपर्यंत वाद घालत. आजूबाजूच्या चार गावांची ढोरं येऊ लागली. नत्थूजी दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक बैलाचं स्वागत करत. त्यांच्या दृष्टीने आपण खोटं बोललोच नव्हतो, फक्त दोन वर्षं आधी बोललो होतो.

खरी पंचाईत सत्त्याहत्तरला झाली. गावाने एसटीसाठी अर्ज केला होता. त्याचं उत्तर आलं, ते सरपंच महादेवरावांनी मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. उत्तरात लिहिलं होतं, की चिंचखेडी हे सर्व सोयींनी युक्त गाव असून तेथे बस थांबते, पोस्ट, नळ, टेलिफोन, वाचनालय व स्त्री डॉक्टरसह दवाखाना आहे, सबब ज्या गावांत काहीच नाही त्यांचा विचार आधी करण्यात येईल.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सीताबाईंनी विचारलं, की ही डॉक्टरीण आली कधी आणि राहते कुठं, कारण त्यांना तिला गुडघा दाखवायचा होता. नत्थूजी पिंपळाची पानं मोजत होते. विमलाबाई बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि शांतपणे सांगितलं, "त्या फॉर्मवाल्याले आमच्या घरी चहा पाजला होता. तवाच हे सारं गावात आलं."

गाव चिडायच्या ऐवजी हसलं, आणि ते नत्थूजींना जास्त लागलं. ते दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे घरी जेवले नाहीत, सदाशिवरावांकडे जेवले. शेवटी सरपंचांनी निवाडा केला. ज्याने लिहवलं त्यानेच पुसायचं. नत्थूजींनी वर्ध्याला खेटे घातले. तिथं त्यांना सांगण्यात आलं, की एकदा आहे म्हणून लिहिलेली गोष्ट कुणाच्या सांगण्यावरून नाही होत नसते, त्यासाठी साहेब येऊन समक्ष पाहतील आणि आधी माहिती देणाऱ्यालाच पुन्हा तेच प्रश्न विचारतील.

साहेबांची तारीख पुढच्या वर्षीच्या जुलैत निघाली. तोवर नत्थूजींना 'नाई' म्हणायला शिकवायचं काम विमलाबाईंकडे आलं. डवरणीच्या वेळी, तण काढताना, नत्थूजी बैलांमागे डवरा धरून पिकाच्या तासातून चालत आणि विमलाबाई वावराच्या धुऱ्यावर बसून विचारत, घर आहे का, वावर आहे का. पहिले आठ दिवस त्यांच्या तोंडून 'हाये' निघे आणि मग ते जीभ चावत. हळूहळू जमू लागलं. पुढेपुढे इतकं जमलं, की जुंपलेल्या बैलांच्या मागे उभं राहून ते बैल नाई म्हणून सांगू लागले. तेव्हा उजवा बैल वळून पाही, असं विमलाबाई पुढे सगळ्यांना सांगत.

एवढ्यात सदाशिवराव आडवे आले. सगळंच नाही म्हणणार तर दवाखानाही नाही म्हणणार का, आणि दवाखाना नाही तर आपण इथं तीन वर्षं कोण म्हणून राहतो आहोत, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी पोपटाचा पिंजरा पेटीवर ठेवून निघायची तयारीच दाखवली. मग पारावर ठरलं, की बाकी सगळ्या प्रश्नांना 'नाई' म्हणायचं आणि ढोरांच्या दवाखान्याला 'हाये' म्हणायचं. नत्थूजींना हे जड गेलं. एवढ्या मेहनतीने एक शब्द शिकले होते, आता दोन वापरायचे होते. विमलाबाईंनी तोड काढली. आपण मागे दारात उभं राहायचं आणि दवाखान्याचा प्रश्न आला की हातातल्या बांगड्या वाजवायच्या.

"बांगड्या वाजल्या का 'हाये' म्हणजा," त्यांनी बजावलं. "नाई वाजल्या तं 'नाई' म्हणजा. डोकं लावू नका."

साहेब जीपने आले. जीप नाल्याच्या अलीकडे ठेवून, पॅन्ट वर दुमडून, बूट हातात घेऊन त्यांनी नाला ओलांडला. ओसरीवर बाज टाकली होती. सरपंच, सीताबाई आणि कवडू भिंतीला टेकून बसले होते. कवडूने आदल्या दिवशीच देवळावरचा भोंगा उतरवून ज्वारीच्या कणगीत लपवला होता.

साहेबांनी विचारलं, की नत्थूजी उमाटे आपणच का.

"नाई," नत्थूजी म्हणाले.

सरपंचांनी घाईने सांगितलं, की हेच नत्थूजी, जरा ताप आहे. साहेबांनी विचारलं, की ताप फार आहे का. नत्थूजी म्हणाले, नाई. मग पोस्ट नाई, नळ नाई, टेलिफोन नाई, असं सुरळीत चाललं. नत्थूजींचा चेहरा खुलला. तेवढ्यात विमलाबाईंच्या नाकावर माशी बसली. त्यांनी ती हाताने उडवली, आणि साहेबांनी त्याच क्षणी विचारलं, की गावात सिनेमागृह आहे का.

"हाये," नत्थूजी ठणकावून म्हणाले.

साहेबांचं पेन थांबलं. सरपंचांनी डोळे मिटून घेतले. विमलाबाई इतक्या हबकल्या, की त्यांनी दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले. पुढचाच प्रश्न ढोरांच्या दवाखान्याचा होता. बांगड्या वाजल्या नाहीत. नत्थूजींनी वाट पाहिली, मागे वळून पाहिलं, आणि खाली मान घालून म्हणाले, "नाई."

तेव्हा कोठ्याचं दार उघडलं. सदाशिवराव एका हातात बैलाला औषध पाजायची बांबूची नळी आणि दुसऱ्या हातात हजेरीचं रजिस्टर घेऊन बाहेर आले. त्यांच्यामागे म्हैस होती. ते साहेबांसमोर येऊन उभे राहिले. साहेबांनी कोठ्याच्या दारावरची पत्र्याची पाटी वाचली, नत्थूजींकडे पाहिलं, आणि फॉर्म घडी करून खिशात ठेवला. आता आपण कुणाला काही विचारणार नाही, स्वतः फिरून पाहू, असं त्यांनी जाहीर केलं.

ते फिरून येईपर्यंत वरच्या अंगाला कुठंतरी धो धो पडून गेलं होतं. नाला दोन्ही काठ भरून वाहत होता. पलीकडे जीप दिसत होती, जीपमधला ड्रायव्हर दिसत होता, आणि तो घरी जाऊ का असं खुणेने विचारत होता. नत्थूजी साहेबांना म्हणाले, की आता उतरते, पाच मिन्टात उतरते. नाला तिसऱ्या दिवशी उतरला.

ते अडीच दिवस साहेब नत्थूजींकडे राहिले. जी पाहणी एरवी तासाभरात उरकली असती, ती अशी सविस्तर झाली. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी घरी निरोप पाठवायला तार कुठून करता येईल असं विचारलं आणि मग आपणच म्हणाले, की नाही, नसेलच. सकाळी अंघोळीला त्यांनी तोटी सोडली, तर आतून एक बेडूक आला. त्यांनी वर्तमानपत्र मागितलं, तर सरपंचांनी मागच्या पोळ्याच्या सुमाराचं आणून दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी विमलाबाईंच्या हातची झणझणीत तूरडाळ मानवली नाही आणि साहेबांचं पोट बिघडलं. ते अर्धा दिवस सांदवाडीच्या वाटेवरच होते. शेवटी त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, की गावात डॉक्टर कुणीच नाही का. सीताबाईंना आणलं. त्यांनी पोटावर तेल चोळता चोळता गावातल्या तेवीस बाळंतपणांची हकिगत सांगितली. चोविसाव्याला साहेब उठून बसले आणि दुसरं काही औषध असेल तर बघा म्हणाले.

दुसरं औषध सदाशिवरावांकडेच होतं. त्यांनी साहेबांना नखशिखांत न्याहाळलं, वजनाचा अंदाज घेतला आणि एका बाटलीतून कपात काहीतरी ओतलं. साहेबांनी विचारलं, की हा डोस माणसाचा आहे ना.

"अर्ध्या वासराचा हाये," सदाशिवराव म्हणाले. "तुमी जरा बारीक हायेत म्हणून."

साहेबांनी डोळे मिटून ते पिऊन टाकलं. कवडू सवयीने त्यांच्या कानाशी वाकला होता, त्याला सरपंचांनी मागे ओढलं. पण पोट तासाभरात थांबलं, आणि रात्री साहेबांनी मऊ भात मागून खाल्ला.

तिसऱ्या दिवशी नत्थूजींनी त्यांना बंडीतून नाल्यापलीकडे सोडलं. उतरताना साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "उमाटे, गावात काही नाही, हे मी आता शपथेवर सांगू शकतो." नत्थूजींना हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचा चेहरा पडला. गावाबद्दल असं कुणी तोंडावर बोललेलं त्यांनी आजवर ऐकून घेतलं नव्हतं. ते बंडी वळवून घरी परत आले. दुपारी विमलाबाई दवाखान्यापुढे बसून त्यांच्याबरोबर तुरीच्या डाळीतले खडे निवडत राहिल्या.

अहवाल पक्का गेला असावा. पुढच्या उन्हाळ्यात नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल, झाला, आणि ऐंशी सालच्या दसऱ्याला चिंचखेडीत एसटी आली. सदाशिवरावांचा दवाखाना कोठ्यातून निघून पुढे विटांच्या इमारतीत गेला आणि म्हशीला तिची जागा परत मिळाली. फक्त सिनेमागृह कागदावर तसंच राहिलं. त्यात आग लागल्यास काय बंदोबस्त केला आहे, अशी विचारणा दोन वर्षं येत राहिली. शेवटी महादेवरावांनी मारुतीच्या देवळाबाहेर वाळूच्या दोन लाल बादल्या टांगल्या आणि बंदोबस्त झाल्याचं कळवून टाकलं. ते चालून गेलं.

एसटीचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो विमलाबाईंना. आधी त्या वर्षातून एकदा, अक्षय तृतीयेला, रोहण्याला माहेरी जात, कारण आंजीपर्यंत चालत जाऊन तिथं एसटीची वाट बघायची म्हणजे अर्धा दिवस जाई. आता सकाळी दारातून बस, आर्वीला बदलली की दुपारच्या जेवणाला माहेर. त्या महिन्यातून एकदा जाऊ लागल्या, आणि गेल्या की आठ आठ दिवस येत नसत. जाताना त्या नत्थूजींना पीठ कुठं आहे, तिखट कुठं आहे, ते दाखवून जात.

ज्या बससाठी नत्थूजींनी एवढा जीव आटवला होता, तिच्या पायरीशी उभं राहून ते बायकोची पिशवी वर देत आणि लवकर येजो म्हणत. बस वळणाआड गेली की ते सदाशिवरावांच्या दवाखान्यात जात. मग दोघं मिळून बेसन करत. नत्थूजी ढवळत, सदाशिवराव बाटलीच्या मापाने मीठ टाकत, आणि पोपट वरून बघत राही. बेसन कधी पातळ होई, कधी करपे. दोघं ते भाकरीबरोबर खात आणि विमलाबाईंना परत आणणाऱ्या शनिवारच्या बसची वाट बघत.